यादी कुठे ठेवायची?

मध्यप्रदेशातल्या सरकारी महाविद्यालयांत 'अतिथी विद्वान' नावाची एक नेमणूक असते. नाव मानाचं, काम नेहमीच्या प्राध्यापकाचं, मुदत मात्र ठरावीक. इंदूरच्या शिक्षकी घरांत हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा आहे. सत्र सुरू झालं की अशा शिक्षकाच्या हाती वर्ग येतो, हजेरी येते आणि अंतर्गत गुण भरायच्या वेबपानाचं लॉगिनही येतं. मुदत संपली की वर्ग दुसऱ्याकडे जातो, हजेरीही जाते. लॉगिन मात्र मागे राहू शकतं, आणि राहिलं तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. यात त्या शिक्षकाचा काही दोष नाही. आपण अजून आत जाऊ शकतो हे त्यालाही ठाऊक नसतं. दोष असतो तो यादी चुकीच्या जागी ठेवण्याचा.

कुठलंही बंदिस्त वेबपान उघडताना सर्व्हरला दोन प्रश्नांची उत्तरं मिळावी लागतात. हा माणूस तोच आहे का, हा पहिला. आणि तो तोच असला तरी त्याला इथं यायची परवानगी आहे का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाभोवती आपण भरपूर धावपळ करतो: पासवर्ड किती लांब असावा, तो कधी बदलावा, मोबाइलवर ओटीपी यावा का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुठल्या तरी फायलीत एकदा लिहून ठेवतो आणि विसरून जातो. ते उत्तर संस्थेच्या मध्यवर्ती डिरेक्टरीत, गटाच्या सभासदत्वाच्या रूपानं असावं आणि वेब सर्व्हरनं ते दर वेळी तिथं विचारावं, असं माझं ठाम मत आहे.

जुनी पद्धत आधी पाहू, कारण ती अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहे. १९९३ च्या सुमारास अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रात रॉब मॅकूल यांनी एक वेब सर्व्हर लिहिला. त्यात पानावर पहारा बसवायची सोय होती, ती दोन साध्या मजकुरी फायलींवर. एकीत नावं आणि कूटरूपातले पासवर्ड, दुसरीत गटाचं नाव आणि त्यापुढे सभासदांची नावं. १९९५ मध्ये त्याच सर्व्हरच्या पायावर अपाची हा सर्व्हर उभा राहिला आणि ही सोय त्याच्याकडेही आली. एक सर्व्हर आणि दहा माणसं असतील, तर आजही या पद्धतीत गैर काही नाही.

पण कॉलेज वाढतं. परीक्षा विभागाचा एक सर्व्हर, ग्रंथालयाचा दुसरा, वसतिगृहाच्या खोल्यांचा तिसरा, प्लेसमेंटवाल्यांचा चौथा. प्रत्येकाच्या पोटात स्वतःची फाइल आणि प्रत्येक फाइल सांभाळणारा माणूस वेगळा. नवा माणूस रुजू झाला की त्याचं काम अडतं, म्हणून तो स्वतः चार दारं ठोठावून चारही फायलींत आपलं नाव घालून घेतो. तो सोडून जातो तेव्हा मात्र कुणाचंच काम अडत नाही. म्हणून नावं घातली जातात आणि काढायची राहतात. चार फायली चार वेगवेगळ्या वर्षांतली माणसं दाखवत राहतात आणि त्यातली खरी कोणती हे सांगायला कुणी उरत नाही.

उपाय शोधला गेला तो मुळात टेलिफोन डिरेक्टरीच्या गरजेतून. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार मंडळींनी एक्स.५०० नावाचं मानक तयार केलं. जगभरच्या माणसांच्या आणि संस्थांच्या नोंदी एका झाडासारख्या रचनेत ठेवायच्या आणि कुठूनही विचारता याव्यात, अशी ती योजना होती. ती मोठी होती आणि जडही होती. तेव्हाच्या डेस्कटॉप संगणकांना ते ओझं पेलवत नसे. मिशिगन विद्यापीठातल्या टिम हाउज यांनी स्टीव्ह किल आणि वेंगिक येओंग यांच्याबरोबर तिला एक हलकी वाट काढून दिली, ती म्हणजे एलडॅप. या नावातलं पहिलं अक्षर 'लाइटवेट'चं आहे ते यामुळे. १९९३ मध्ये त्याचं पहिलं मानक प्रसिद्ध झालं. १९९७ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि आपण आज वापरतो ती हीच. २००६ मध्ये तिचे दस्तऐवज नव्यानं, अधिक नेटके लिहिले गेले. १९९८ पासून ओपनएलडॅप हे मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहे, आणि २००० मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोजसोबत ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणली. तीही एलडॅपची भाषा बोलते.

मराठी मुलखात 'एलडॅप' हा शब्द सगळ्यात जास्त ऐकू येतो तो बहुधा पवईत. आयआयटी मुंबईचा विद्यार्थी 'माझा एलडॅप आयडी' असं इतक्या सहज म्हणतो, की एलडॅप ही संगणकांच्या आपसातल्या संवादाची एक रीत आहे याची त्याला आठवणही नसते. त्याच्या लेखी ते संस्थेतलं त्याचं नाव असतं. विषयांची नोंदणी असो की निकाल, तोच आयडी आणि तोच पासवर्ड. २००९ मध्ये आयआयटी इंदूर सुरू झाली तेव्हा आयआयटी मुंबई तिची मार्गदर्शक संस्था होती. पहिले वर्ग खंडवा रस्त्यावर, देवी अहिल्या विद्यापीठाच्या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात भरत, आणि पुढे संस्था सिमरोलला स्वतःच्या जागेत गेली. नव्या संस्थेला असा एक मोठा फायदा असतो: मागची चार फायलींची अडगळ नसते आणि पहिल्या दिवसापासून एकच यादी ठेवता येते. १९५२ चं इंदूरचं अभियांत्रिकी महाविद्यालय एसजीएसआयटीएस किंवा १९६४ चं देवी अहिल्या विद्यापीठ यांसारख्या जुन्या संस्थांत संगणक एकेका विभागातून शिरला. अशा ठिकाणी सगळ्या याद्या एकत्र आणायला चिकाटी लागते, आणि ते काम करणाऱ्यांचं कौतुक फारसं होत नाही.

डिरेक्टरीत प्रत्येक नोंदीला एक पूर्ण नाव असतं. ते पाकिटावरच्या पत्त्यासारखं वाचायचं: आधी माणूस, मग त्याचा विभाग, मग संस्था, शेवटी देश. लहानाकडून मोठ्याकडे. एकाच संस्थेत दोन जोशी असले तरी हे पूर्ण नाव दोघांचं सारखं असू शकत नाही. माणसाची नोंद असते तशीच गटाचीही स्वतंत्र नोंद असते. गटाच्या नोंदीत 'मेंबर' नावाचा गुणधर्म असतो आणि त्यात सभासदांची पूर्ण नावं एकाखाली एक लिहिलेली असतात. मुळात गट म्हणजे एवढंच. त्यात पासवर्ड नसतो आणि कुठल्या वेबपानाचा उल्लेखही नसतो. 'परीक्षा विभाग, अंतर्गत गुण भरणारे' असा गट ही माणसांविषयीची एक नोंद असते. कोणतं पान त्या नोंदीवर विसंबेल ते पान ठरवतं.

आता सर्व्हरच्या आत काय घडतं ते जरा सावकाश पाहू, कारण पुढच्या सगळ्या अडचणी या क्रमातूनच उगवतात. समजा, इंदूरच्या एका महाविद्यालयातली प्राध्यापिका अंतर्गत गुणांचं पान उघडते. ब्राउझर पान मागतो. अपाची उत्तर देतो ४०१, म्हणजे 'आधी ओळख दाखवा'. ब्राउझर नाव आणि पासवर्डाची चौकट पुढे करतो, बाई ती भरतात आणि माहिती सर्व्हरकडे जाते. सर्व्हर डिरेक्टरीशी जोडणी करतो, बहुधा स्वतःसाठी दिलेल्या एका मर्यादित खात्यानं, आणि विचारतो: या युजरनेमची नोंद कोणती? उत्तरात नेमकी एकच नोंद यायला हवी. एकही आली नाही किंवा दोन आल्या, तर गोष्ट तिथंच थांबते. एक नोंद आली की तिचं पूर्ण नाव सर्व्हरच्या हाती येतं. मग तो ते पूर्ण नाव आणि बाईंनी टाकलेला पासवर्ड घेऊन डिरेक्टरीत पुन्हा प्रवेश करून पाहतो. या क्रियेला 'बाइंड' म्हणतात. प्रवेश मिळाला, तर पासवर्ड खरा. म्हणजे पासवर्ड तपासण्याचं काम डिरेक्टरीच करते. सर्व्हरला तिच्यातला पासवर्ड वाचायचा अधिकार कधी द्यावाच लागत नाही.

इथं पहिला प्रश्न संपला. दुसऱ्यासाठी सर्व्हर 'कम्पेअर' नावाची विनंती पाठवतो: अमुक गटाच्या 'मेंबर'मध्ये हे पूर्ण नाव आहे का? डिरेक्टरी हो किंवा नाही एवढंच सांगते. मला या संपूर्ण रचनेतली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. गटात आणखी कोण कोण आहे हे सर्व्हरला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. अपाचीच्या मांडणीत यासाठी 'रिक्वायर एलडॅप-ग्रुप' ही एक ओळ आणि तिच्यापुढे गटाचं पूर्ण नाव पुरतं. ती ओळ एकदा लिहिली की सर्व्हरला पुन्हा हात लावायला नको. कोण आलं आणि कोण गेलं हे सगळं डिरेक्टरीत घडतं. ग्रंथालयाच्या सर्व्हरलाही तेच आणि वसतिगृहाच्या सर्व्हरलाही तेच. अतिथी विद्वानाचं नाव एका गटातून एकदा काढलं की त्या गटावर विसंबलेली सगळी पानं त्याच्यासाठी एकदम बंद होतात.

एवढी सरळ पद्धत असूनही लोक तिच्यावर वैतागतात. याचं एक कारण मी अनेक कचेऱ्यांत पाहिलं आहे. एखाद्याचा पासवर्ड अचूक असतो, पण तो गटात नसतो. अपेक्षा अशी की त्याला ४०३ दिसावं, म्हणजे 'ओळख पटली, पण इथं परवानगी नाही'. अपाचीच्या २.४ आवृत्तीत मात्र मुळातली ठेवण अशी आहे, की परवानगी नाकारली गेली तरी तो पुन्हा ४०१ पाठवतो. ब्राउझर पुन्हा पासवर्डाची चौकट दाखवतो. माणूस पुन्हा पासवर्ड टाकतो, तिसऱ्यांदा टाकतो, मग आपणच विसरलो असं समजून नवा पासवर्ड करून घेतो आणि तरीही चौकट जात नाही. तिकडे मदत कक्षातला मुलगा सांगतो की पासवर्ड बरोबर आहे. दोघंही खरं बोलत असतात. नकार मिळाल्यावर ४०३ पाठव, असं सांगणारी एक ओळ अपाचीत आहे. ती चालू करावी आणि नकाराच्या पानावर मराठीत किंवा हिंदीत सरळ लिहावं: तुमची ओळख पटली आहे, या पानासाठी अमुक गटात नाव हवं, त्यासाठी अमुक कार्यालयाशी बोला. माणसाला नेमका कोणता नकार मिळाला हे सांगणं हा सुरक्षिततेचाच भाग आहे. ज्याला नकाराचं कारण कळत नाही, तो शेवटी सहकाऱ्याचा पासवर्ड मागून घेतो.

दुसरी अडचण याच्या उलट, आणि जास्त गंभीर. इथं कुणीही वैतागत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं लपून राहू शकते. मांडणीच्या फायलीत एक जुनी ओळ असते, 'रिक्वायर व्हॅलिड-युजर', म्हणजे ज्याचा पासवर्ड खरा तो चालेल. तिच्याखाली कुणीतरी गटाची ओळ भर म्हणून लिहितो. त्याला वाटतं की आता दोन्ही अटी लागू झाल्या. पण अपाची अशा सुट्या ओळी 'यांपैकी कोणतीही एक' असं समजून वाचतो. पहिली अट पुरी झाली की दार उघडतं आणि गटाची ओळ नुसती शोभेला उरते. संस्थेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे खरा पासवर्ड असतोच. म्हणजे गुणांचं पान प्रत्येक विद्यार्थ्याला खुलं. दोन्ही अटी एकदम हव्या असतील तर त्या 'रिक्वायर ऑल'च्या कंसात घालाव्या लागतात. नुसता गट तपासायचा असेल तर व्हॅलिड-युजरची ओळ काढूनच टाकावी, कारण गटाची तपासणी होण्याआधी ओळख पटलेलीच असते. म्हणून नवा पहारा बसवला की गटातल्या माणसाला पान दिसतं का, एवढं पाहून थांबू नये. गटाबाहेरच्या, पण खरा पासवर्ड असलेल्या माणसाकडून ते उघडून पाहावं. खरी चाचणी तीच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाची गोष्ट बाजूला ठेवली, तरी एखाद्या मुलीचे गुण सगळ्या वर्गानं तिच्याआधी पाहावेत हे वाईटच आहे.

वेळेचा एक बारकावा. प्रत्येक चित्रासाठी आणि प्रत्येक पानासाठी डिरेक्टरीला विचारत बसलं तर तिची दमछाक होईल. म्हणून अपाची मिळालेली उत्तरं काही काळ लक्षात ठेवतो, मूळ ठेवणीत ६०० सेकंद. गटातून नाव काढल्यावर दहा मिनिटं तो माणूस आत जाऊ शकला, तर त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. गुणांच्या पानाला दहा मिनिटं चालतात. एखाद्याला तातडीनं रोखायचं असेल, तर सर्व्हर पुन्हा सुरू करून ही आठवण पुसता येते.

गटांची आखणी कशी करावी यावर मात्र वाद होतात, आणि ते व्हायलाही हवेत. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेतले डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२ मध्ये भूमिकेवर आधारलेल्या परवानगीची कल्पना मांडली: परवानगी माणसाला देऊ नका, त्याच्या कामाला द्या, आणि ते काम माणसाला द्या. व्यवहारात याचे दोन थर होतात. एका थरात माणसांचे गट: भौतिकशास्त्र विभाग, परीक्षा समिती, पहिल्या वर्षाचे विद्यार्थी. दुसऱ्या थरात जागांचे गट: गुण भरणारे, गुण पाहणारे, वेळापत्रक बदलणारे. मग पहिल्या थरातले गट दुसऱ्या थरात सभासद म्हणून घालायचे. मूल्यांकन करणारी समिती भेटीला येणार असेल तर तिच्यासाठी तात्पुरता गट करून तो 'अहवाल पाहणारे' या गटात घालावा आणि भेट संपली की काढून घ्यावा. एकेका माणसाचा शोध घ्यायची गरज पडत नाही.

गटात गट घातले की नवा प्रश्न येतो, कारण साधी 'कम्पेअर' एकाच थरापुरती पाहते. अपाचीला आत किती थर उतरायचं ते सांगता येतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत माणसाच्या नोंदीवर 'मेंबरऑफ' नावाची सोयीची यादी दिसते, आणि अनेकजण तिच्यावरच विसंबतात. पण त्या यादीत फक्त थेट सभासदत्व असतं. गटातल्या गटाचं नसतं आणि त्या माणसाच्या प्राथमिक गटाचंही नसतं. पूर्ण साखळी हवी असेल तर मायक्रोसॉफ्टनं त्यासाठी ठेवलेला खास शोधनियम वापरावा लागतो. माझ्या मते दोन थर पुरतात. तिसरा थर आला की एखाद्या पानावर आज नेमकं कोण जाऊ शकतं हे एका नजरेत सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते तपासलंही जात नाही.

आता आपल्या आडनावांशी थेट जोडलेली एक गोष्ट. समजा 'ए जोशी' हे युजरनेम असलेला कर्मचारी नोकरी सोडतो आणि व्यवस्थापक त्याची नोंद पुसतो. ओपनएलडॅपमध्ये माणसाची नोंद पुसली म्हणून गटांतली त्याची नावं आपोआप पुसली जात नाहीत. गटाच्या दृष्टीनं ते नुसतं लिहिलेलं नाव असतं, त्यामागे माणूस आहे की नाही हे तो पाहत नाही. दोन वर्षांनी दुसरा जोशी रुजू होतो. ए जोशी हे युजरनेम मोकळं दिसतं, म्हणून त्याला तेच दिलं जातं. विभागही तोच असेल तर पूर्ण नावही अगदी तेच होतं. पहिल्या दिवशी या नव्या माणसाकडे जुन्या जोशीच्या सगळ्या गटांचं सभासदत्व आपसूक येतं आणि याची खबर कुणालाही नसते. जिथं जोशी, कुलकर्णी, शर्मा आणि वर्मा एकाच मजल्यावर बसतात, अशा इंदूरसारख्या गावात ही काही दूरची शक्यता नाही. ओपनएलडॅपला 'रेफइंट' नावाची एक जोड देता येते, ती अशी मागे राहिलेली नावं झाडून काढते. ती चालू ठेवावी आणि एकदा दिलेलं युजरनेम पुन्हा कुणालाही देऊ नये. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ही अडचण येत नाही, कारण तिथं प्रत्येक खात्याला नावापलीकडचा वेगळा ओळखक्रमांक असतो आणि खातं पुसलं की गटांतले दुवेही जातात.

याच ओपनएलडॅपमध्ये आणखी एक गोष्ट नवख्यांना चकवते. 'ग्रुपऑफनेम्स' या रूढ प्रकारच्या गटात किमान एक सभासद असावाच लागतो. शेवटचं नाव काढायला गेलं की डिरेक्टरी नकार देते. त्यामुळे लोक गट करतानाच त्यात एक निरुपद्रवी नाव घालून ठेवतात. त्या नावाला पासवर्ड नाही एवढी खात्री असली की झालं.

पासवर्डावरून एक जुना सापळा आठवतो. एलडॅपच्या नियमांनुसार नाव दिलं आणि पासवर्ड रिकामा ठेवला, तर त्या जोडणीला 'अनोळखी पाहुणा' असा अर्थ आहे. काही डिरेक्टऱ्या अशा जोडणीला 'यशस्वी' असं उत्तर देतात. घरी लिहिलेल्या प्रोग्रॅमनं त्या 'यशस्वी'चा अर्थ 'पासवर्ड बरोबर' असा घेतला, तर कुणाच्याही नावानं, पासवर्ड न टाकता आत जाता येईल. २००६ च्या दस्तऐवजात याचा स्पष्ट इशारा आहे: रिकामा पासवर्ड डिरेक्टरीकडे पाठवायच्या आधीच नाकारा. युजरनेममधलं तारकाचिन्ह, कंस आणि उलटी तिरपी रेघ यांनाही शोधवाक्यात खास अर्थ असतो. ते जसेच्या तसे पुढे पाठवले तर विचारणारा प्रश्नच बदलून टाकू शकतो. आणि ३८९ क्रमांकाच्या पोर्टवरून कूटबंधाशिवाय जोडणी केली, तर पासवर्ड तारेवरून उघडा जातो. ६३६ किंवा स्टार्टटीएलएस वापरावं. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामध्येही एचटीटीपीएस असावंच, कारण साध्या चौकटीतला पासवर्ड प्रत्येक विनंतीबरोबर पुन्हा पुन्हा जात असतो.

यापेक्षा खोल प्रश्न हा की पासवर्ड वेब सर्व्हरनं पाहावाच का? पवईसारख्या मोठ्या वसाहतीत विद्यार्थी मंडळं स्वतःची पोर्टलं करतात, आणि ते उत्तमच आहे. पण प्रत्येक पोर्टल एलडॅपचा पासवर्ड मागू लागलं, तर एका हौशी प्रोग्रॅममधल्या एका चुकीनं सगळ्यांचे पासवर्ड उघडे पडतील. म्हणून एकल प्रवेश, म्हणजे एसएसओ, ही पुढची पायरी आली. पासवर्ड फक्त एकाच, संस्थेनं सांभाळलेल्या पानावर टाकायचा. ते पान तपासणी करतं आणि पोर्टलला एक सही केलेली चिठ्ठी देतं: हा अमुक, आणि या या गटांचा सभासद. पोर्टलनं चिठ्ठीवरची सही पाहावी, गट पाहावा आणि ठरवावं. यादी तिथंच राहिली, फक्त विचारायची रीत बदलली.

ही चिठ्ठी संस्थेच्या कुंपणाबाहेरही चालू शकते. इन्फ्लिबनेट हे विद्यापीठ अनुदान आयोगाचं केंद्र गांधीनगरला आहे. त्याची 'इन्फेड' ही व्यवस्था नेमकं हेच करते. तिचा उपयोग कळायला एक उदाहरण: २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना मंजूर केली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, आणि केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्था. विद्यार्थी संस्थेच्या आवारात बसला असेल तर त्याची ओळख संस्थेच्या आयपी पत्त्यावरून पटते. पण शोधनिबंध रात्री घरी वाचायचा असेल तर? इंदूरमध्ये राजेंद्रनगरच्या आपल्या खोलीत बसलेली पीएच.डी.ची विद्यार्थिनी प्रकाशकाच्या पानावर जाते, आपली संस्था निवडते, स्वतःच्या संस्थेच्या पानावर पासवर्ड टाकते, आणि प्रकाशकाकडे चिठ्ठी जाते. त्या चिठ्ठीत तिचं नाव असावंच असं नाही. 'या संस्थेची सभासद, विद्यार्थी' एवढं पुरतं. यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एज्युपर्सन या मांडणीत नात्यांची ठरावीक यादी आहे: प्राध्यापक, विद्यार्थी, कर्मचारी, माजी विद्यार्थी, आणि ग्रंथालयात चालत आलेला वाचक! त्या शेवटच्या नोंदीत मला फार माया दिसते. जो कुठल्याच यादीत नाही, पण ग्रंथालयाच्या खुर्चीवर येऊन बसला आहे, त्यालाही या रचनेत एक जागा ठेवलेली आहे.

एकच गट दोन कामांसाठी वापरावा का, हे पाहायला जिनिव्हाच्या सर्न या प्रयोगशाळेचं उदाहरण घेऊ. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्राचा सर्नशी जुना संबंध आहे. एलएचसी या महाकाय त्वरकासाठी लागणारे अतिवाहक सुधारक चुंबक आणि चुंबकांना आधार देणारे जॅक यांच्या कामात या केंद्राचा मोठा वाटा होता, आणि जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. सर्नमध्ये 'ई-ग्रुप' नावाची पद्धत रूढ झाली. एकच गट टपाल यादी म्हणून वापरायचा आणि वेबपानांच्या परवानगीसाठीही तोच. देशोदेशींचे हजारो लोक प्रयोगांत येतात आणि जातात, तिथं ही सोय मोठी आहे. पण लहान संस्थांनी ती जपून उचलावी. 'प्रोफेसरांनाही मेल जाऊ दे' म्हणून कुणी एखाद्याचं नाव टपाल यादीत घालतो आणि नकळत त्याच्या हाती गोपनीय पानाची किल्ली देतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत टपालाचे गट आणि परवानगीचे गट हे मुळातच वेगळे प्रकार आहेत. हा भेद सगळीकडे पाळावा.

राहता राहिला यादी सांभाळण्याचा प्रश्न. संगणक विभागाला भौतिकशास्त्रातला कोणता अतिथी विद्वान कधी कार्यमुक्त झाला हे कळायचं कारण नाही. ते विभागप्रमुखाला कळतं. म्हणून प्रत्येक गटाला मालक हवा आणि नावं घालायचा-काढायचा अधिकार त्यालाच हवा. संगणक विभागानं फक्त यंत्रणा चालू ठेवावी. 'ग्रुपऑफनेम्स'च्या मांडणीत 'ओनर' नावाचा गुणधर्म पहिल्यापासून आहे. तो ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक आहे म्हणूनच बहुतेक ठिकाणी रिकामा दिसतो. तो भरावा. भरताना तिथं एखाद्या व्यक्तीचं नाव लिहू नये, कारण विभागप्रमुखही निवृत्त होतात आणि मग गट पोरका होतो. 'ओनर'मध्ये कोणत्याही नोंदीचं पूर्ण नाव चालतं, गटाचंही चालतं. तेव्हा तिथं 'भौतिकशास्त्र विभागप्रमुख' या गटाचं नाव लिहावं. त्या गटात एकच सभासद असेल, आणि खुर्चीवरचा माणूस बदलला की आस्थापना विभाग तिथं एकच नाव बदलेल. प्रत्येक सत्राच्या आरंभी मालकाला त्याच्या गटाची यादी आपोआप टपालानं जावी आणि त्यानं ती पाहून होकार द्यावा. ठरलेल्या मुदतीत होकार आला नाही, तर तात्पुरत्या नेमणुकांची नावं गटातून आपोआप बाहेर पडावीत आणि मालकाला तसं कळवलं जावं. ज्यांची नेमणूक पुढे चालू आहे त्यांची नावं तो एका क्लिकनं परत घालू शकतो.